चेलोची घडण आणि संगीतातील त्याचे स्थान : एक ऐतिहासिक विचार

पाश्चात्त्य वाद्यांचा इतिहास बहुधा थोर रचनाकार व थोर वादक यांच्या नामावलीच्या आधारे सांगितला जातो. चेलोचा उत्कर्षही बाख, बोक्केरिनी, बेथोव्हेन या क्रमाने वर्णन करण्याचा प्रघात आहे. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः खर्जाचा आधार देणारे हे वाद्य पुढील अर्धशतकातच एकल वादनास योग्य कसे ठरले, याचा उलगडा नामावलीतून होत नाही. तो बऱ्याच अंशी वाद्याच्या तारेत व लाकडात शोधावा लागतो, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ नावापासून करणे सोयीचे होईल. ‘व्हिओलोने’ म्हणजे मोठा व्हिओला. त्यास ‘चेल्लो’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘व्हिओलोन्चेल्लो’, म्हणजे ‘लहानसा मोठा व्हिओला’, असा काहीसा विसंगत शब्द सिद्ध झाला. १६६५ साली व्हेनिस येथे छापलेल्या अर्रेस्ती याच्या सोनाटांत तो आढळतो. आज रूढ असलेले ‘चेलो’ हे नाव म्हणजे त्या शब्दाचा उरलेला प्रत्ययच होय. मोठे वाद्य लहान झाल्याची नोंद अशा रीतीने नावातच राहिली आहे. ते लहान का झाले, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी प्रथम वाद्याची रचना ध्यानी घेतली पाहिजे. चेलोचा दर्शनी फलक स्प्रूसच्या मऊ लाकडाचा, तर पाठ व बाजूच्या पट्ट्या मॅपलच्या कठीण लाकडाच्या असतात. चार तारांचा भार घोडीवर येतो व तिचे कंपन दर्शनी फलकास मिळते. दोन्ही फलकांच्या मध्ये, घोडीच्या एका पायाजवळ, एक लहानसा लाकडी स्तंभ केवळ दाबाने उभा असतो. इटालियन भाषेत त्यास ‘आत्मा’ म्हणतात. तो किंचित सरकला तरी नादाचा पोत बदलतो.

चेलोची सर्वांत खालची तार व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेपेक्षा एक सप्तक व एक पंचम इतकी खाली, म्हणजे एक तृतीयांश कंपनसंख्येची असते. त्या प्रमाणात वाद्य वाढवावयाचे तर व्हायोलिनच्या सुमारे ३५.५ सेंटिमीटर लांबीच्या पेटीची तिप्पट, म्हणजे एक मीटरहून अधिक लांबी करावी लागेल. अशा वाद्यावर डाव्या हाताची बोटे द्रुत गतीने चालणे कठीण. प्रत्यक्षात चेलोची पेटी सुमारे ७५ सेंटिमीटर लांब असते. लांबीतील ही उणीव काही अंशी खोलीने भरून काढली आहे. व्हायोलिनच्या बाजूच्या पट्ट्यांची उंची सुमारे ३ सेंटिमीटर, तर चेलोच्या पट्ट्यांची सुमारे १२ सेंटिमीटर असते. आज आपण ऐकतो तो चेलो ही अशी एक तडजोड आहे.

ही तडजोड सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात शक्य नव्हती, कारण तेव्हा तारा निव्वळ तातीच्या असत. तातीची लांबी व ताण तेच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणावयाचा तर तिची जाडी दुप्पट करावी लागते. जाड तात ताठर असते. ती गजाला सहजी दाद देत नाही व तिचा नाद बोथट होतो. सारंगीच्या जाड तातीवर गज फिरवणाऱ्यास हा अनुभव अपरिचित नाही. यावर तार लांब करणे, म्हणजेच वाद्य मोठे करणे, हाच उपाय होता. पुढे तातीवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती निघाली. इंग्लंडमध्ये प्लेफर्डच्या ग्रंथाच्या १६६४ च्या आवृत्तीत तिचा उल्लेख येतो. वजन वाढले तरी तात लवचिक राहिली, आणि आखूड तारेवर खर्जाचा स्वर स्वच्छ उमटू लागला. या युक्तीचा व लहान वाद्याच्या उदयाचा संबंध स्टीफन बोंटा यांनी १९७७ साली साधार मांडला व बोलोन्या नगरीकडे लक्ष वेधले. तेथील सान पेत्रोनिओ देवालयाच्या वाद्यवृंदातील दोमेनिको गाब्रिएल्ली याने एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या रिचेर्कारींच्या हस्तलिखितावर १६८९ हे साल आहे. कालक्रमाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि येथील संगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

वाद्यकारांनीही हा बदल ओळखला. क्रेमोना येथील स्त्रादिवारी आरंभी सुमारे ७९ सेंटिमीटरचे चेलो करीत असे. १७०७ च्या सुमारास त्याने सुमारे ७५ सेंटिमीटरचा नमुना स्वीकारला, आणि तोच पुढे प्रमाण ठरला. मात्र याच यशाने इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक अडचण उभी केली. नवे माप रूढ होताच जुने मोठे चेलो कापून लहान करण्यात आले. आंद्रेआ आमाती याने सोळाव्या शतकात घडविलेला व फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या राजचिन्हांनी रंगविलेला चेलो १८०१ च्या सुमारास पॅरिसमध्ये असाच कापला गेला. पाठीच्या मध्यावरचा भाग काढल्यामुळे तेथील चित्रे अपुरी राहिली, आणि त्या अपुरेपणावरूनच मूळ आकाराचा अंदाज बांधावा लागतो. ज्यांनी हे वाद्य कापले त्यांना केवळ दोष देणे योग्य होणार नाही. कापले नसते तर ते कदाचित वाजले नसते, आणि न वाजणारी वाद्ये क्वचितच जपली जातात. ज्या कृतीने साधन टिकले, त्याच कृतीने त्यातील पुरावा खंडित झाला.

याला उल्लेखनीय अपवाद म्हणजे स्त्रादिवारीचा १७०१ चा चेलो. तो न कापता राहिला, व आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. एकोणिसाव्या शतकात तो बेल्जियन वादक सेर्व्हे याच्याकडे होता. पोटऱ्यांत धरावयाच्या चेलोला जमिनीवर टेकणारी दांडी लावण्याची रीत रूढ करण्याचे श्रेय यालाच दिले जाते.

नव्या वाद्याचे स्वागत सर्वत्र झाले नाही. १७४० साली ह्यूबेर ल ब्लां याने व्हायोलिन व चेलो यांच्या आक्रमणाविरुद्ध जुन्या बास व्हियोलची बाजू घेणारा ग्रंथच लिहिला. पण त्यापूर्वीच, १७२० च्या सुमारास, बाखने एकट्या चेलोसाठी सहा सुइट रचले होते. त्यांतील सहावा पाच तारांच्या वाद्यासाठी आहे. म्हणजे वाद्याचे रूप तेव्हाही पूर्ण स्थिरावले नव्हते. बाखची स्वहस्तलिखित प्रत लुप्त झाली असून पत्नी आन्ना माग्दालेना हिने केलेली नक्कल हा आपला प्रमुख आधार आहे. हे सुइट १८२४ साली प्रथम छापले गेले, आणि पुढे पाब्लो काझाल्स यांनी १९३६ ते १९३९ या काळात ध्वनिमुद्रित केल्यावर जगभर पोहोचले.

सारांश, प्रतिभा आणि कारागिरी यांचा इतिहास वेगवेगळा लिहिणे इष्ट नाही. गाब्रिएल्लीची कृती समजण्यास त्याच्या वाद्यावरील तार कशी होती हे जाणणे आवश्यक आहे. संग्रहालयातील वाद्यांची मापे घेताना त्यांवरील करवतीच्या खुणा वाचणे हाही हस्तलिखित वाचण्याइतकाच संशोधनाचा भाग मानला पाहिजे.