बघणारा वर्ग

हजेरीपटावर मुलाचे एक नाव असते आणि वर्गात दुसरेच. ‘ढोल्या’, ‘काळ्या’, ‘चष्मिस’. कधी गावावरून, कधी बोलीवरून, कधी जातीवरून पडलेले. ते शिक्षकांच्या कानांवर येते. ‘पोरांचे चालायचेच’ असे म्हणून आपण फळ्याकडे वळतो. दोन तुल्यबळ मुले भांडली आणि दुसऱ्या दिवशी एकाच डब्यातून जेवली, तर तिकडे कानाडोळा केलेला चालतो. परंतु एकाच मुलाला जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा, तो प्रतिकार करू शकत नाही हे हेरून छळले जाते, तेव्हा ती दांडगाई असते. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण याच फरकावर बोट ठेवते.

दांडगाईचा शास्त्रीय अभ्यास जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांचा आहे. छळ मात्र फार जुना, आणि त्याच्या नोंदी आपल्या जवळपासच सापडतात.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जन्मलेली यमुना म्हणजेच पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशी. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीतून भाषण केले, तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. मुंबईत शाळेला जाताना काय सोसावे लागले, ते त्यांनी तेथे सांगितले. हातात पुस्तके घेऊन जाणारी मुलगी पाहायला लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढत, काही जण गाड्या थांबवत, तर काही जण तिच्या बुटा-मोज्यांवरून तिला ऐकू जाईल अशा बेताने हसत.

त्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर शिकत होते. येथूनच १९०७ साली ते मॅट्रिक झाले. धनंजय कीर यांनी त्यांच्या चरित्रात एक प्रसंग दिला आहे. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याशी बोलावले. फळ्याच्या मागे मुलांचे जेवणाचे डबे होते. ते विटाळतील म्हणून वर्गात एकच गलका झाला आणि भीमराव फळ्यापाशी पोहोचण्याआधी मुलांनी धावत जाऊन डबे हलवले. जातिभेदाचा प्रश्न दांडगाईहून फार मोठा आहे, यात शंका नाही. पण तो शाळेत शिरतो तेव्हा मुलांच्या हातूनच काम करतो.

या दोन्ही प्रसंगांत कोणी एक खलनायक नाही. रस्ता हसतो, वर्ग धावतो. हे शास्त्राच्या ध्यानात यायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

भर दिवसा घुबड दिसले की कावळे-साळुंक्या गोळा होऊन त्याच्यावर झडप घालतात, हे आपण पाहिलेले असते. अशा सामूहिक हल्ल्यासाठी प्राणिवर्तनशास्त्रज्ञ ‘मॉबिंग’ हा शब्द वापरतात. स्वीडनमधील डॉक्टर पेटर-पॉल हाइनेमान यांनी १९६९ साली हाच शब्द शाळकरी मुलांना लावला. त्यांचा दत्तक मुलगा आफ्रिकी वंशाचा होता आणि इतर मुले त्याला घेरून छळत. १९७२ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले.

डान ओल्वेयस या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने पुढे शाळांतून रीतसर पाहण्या केल्या. जमावाची कल्पना त्यांना पुरेशी वाटली नाही. प्रत्यक्ष छळणारी मुले बहुधा दोन-तीनच असतात, असे त्यांना आढळले. हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता ही दांडगाईची तीन लक्षणे त्यांनीच ठरवून दिली. आरंभी आपण तीच वापरली. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत १० ते १४ वर्षे वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केली. सोबत्यांकडून होणारा छळ हे त्यामागचे कारण असावे, असे दिसले. सारा देश हादरला. १९८३ साली नॉर्वे सरकारने देशभर मोहीम काढली. बर्गेन शहरातील ४२ शाळांत सुमारे २५०० मुलांची ओल्वेयस यांनी अडीच वर्षे पाहणी केली, तेव्हा दांडगाईचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. त्याच देशातील रोगालँड भागात मात्र तसे यश दिसले नाही. साहित्य शाळेत येऊन पडले म्हणजे काम झाले असे नव्हे. ते वर्गात उतरवावे लागते.

मग ते दोन-तीन सोडून उरलेला वर्ग काय करतो? फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली सहावीच्या मुलांच्या अभ्यासातून याचे उत्तर दिले. काही जण छळणाऱ्याला हातभार लावतात, काही हसून उत्तेजन देतात, काही अलिप्त राहतात आणि थोडी मुले पीडिताची बाजू घेतात. कॅनडात टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती; मध्ये पडली ती केवळ १९ टक्के प्रसंगांत. पण ती मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दांडगटाला बळ मिळते ते बघ्यांकडून, आणि ते काढून घेणेही बघ्यांच्याच हाती असते.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. १८५३ साली ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला आगगाडी आली. रेल्वेच्या आधाराने ही गावे वाढत गेली. आज ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या एकाच वर्गात आगरी-कोळी घरांतली मुले, कोकणातली, घाटावरची, खानदेशातली, उत्तर भारतातली आणि दक्षिणेतली मुले शेजारी शेजारी बसतात. हे वैभव आहे. पण बोली, रंग, आडनाव अशी चिडवायची निमित्तेही त्यातच मिळतात. त्यात हातोहाती मोबाइल आला. पूर्वी शाळा सुटली की छळ सुटे; आता बघ्यांचा जमाव गटसंदेशांतून घरापर्यंत पाठलाग करतो.

शिक्षकाने काय करावे? मधल्या सुट्टीत जिना, स्वच्छतागृह आणि मैदानाचा कोपरा यांवर नजर ठेवावी. मुलांकडून नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घ्याव्यात: तुम्हांला कोठे भीती वाटते? आठवड्यातून एक तास या विषयावर वर्गाची सभा घ्यावी आणि नियम मुलांनीच ठरवावेत. छळणारा व छळला जाणारा यांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ म्हणू नये. बळ असमान असताना तो समेट ठरत नाही. दोघांशी आणि त्यांच्या पालकांशी वेगवेगळे बोलावे. सांगायला येणाऱ्या मुलाला ‘चुगलखोर’ तर कधीच म्हणू नये. गरज पडल्यास तज्ज्ञांकडे जावे. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारख्या संस्था याच क्षेत्रात काम करतात.

कायदाही आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा महाविद्यालयांपुरताच आहे असा समज असतो. प्रत्यक्षात त्याच्या व्याख्येत शिक्षण देणारी इतर संस्था, वसतिगृह आणि शिकवणी वर्गही येतात. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. पण कायदा जागा होतो तो छळ घडून गेल्यावर. ते दहा सेकंद असतात तेव्हा तेथे फक्त मुले असतात.

त्या क्षणी ‘पुरे झाले, सोड त्याला’ म्हणणारे एक मूल प्रत्येक वर्गात असते. आज बोलले तर उद्या आपल्यामागे शिक्षक उभे राहतील, एवढी खात्री त्याला हवी असते. ती खात्री देणे आपल्या हातात आहे.