लवकर निदान : समजुतीकडून पुराव्याकडे

स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर रोगी वाचतो, असे आपण सहज म्हणतो. ही गोष्ट सिद्ध करणे मात्र सोपे नव्हते.

समजा, एका स्त्रीचा रोग ५० व्या वर्षी कळला व ५५ व्या वर्षी ती दगावली. निदानानंतर ती ५ वर्षे जगली. तोच रोग तपासणीत ४७ व्या वर्षी सापडला, पण मृत्यू ५५ व्या वर्षीच आला, तर हा काळ ८ वर्षे भरेल. येथे आयुष्य वाढले नाही, रोग माहीत असल्याचा काळ तेवढा वाढला! म्हणून निदानानंतरची वर्षे मोजून भागत नाही. स्त्रियांचे दोन सारखे गट करून एकाच गटाला तपासणी द्यायची आणि दोन्हींतले मृत्यू मोजायचे, हाच खात्रीचा मार्ग.

असा पहिला मोठा प्रयोग १९६३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. सॅम शापिरो, फिलिप स्ट्रॅक्स आणि लुई व्हेनेट यांनी एका आरोग्यविमा योजनेतील ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रिया निवडल्या. एका गटाला दरवर्षी डॉक्टरी तपासणी व मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, देऊ केली. दहा वर्षांनंतर पाहता त्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले.

पण क्ष-किरण यंत्रे आणि तज्ज्ञ सर्वत्र कोठून आणायचे? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये वेगळा प्रयोग मांडला. झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांपैकी एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी केली. दर दोन वर्षांनी, चार वेळा. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटात पुढच्या अवस्थेत सापडलेले रोगी ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्र विचार करता घट १५ टक्के होती. पण ती योगायोगाची नाही, असे आकडेशास्त्राने ठामपणे म्हणता येईना. संशोधकांनी तेही लपवले नाही.

हा इतिहास वर्गात सांगावा, असे आम्हाला वाटते. त्याबरोबर एक गोष्ट आवर्जून सांगावी : ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरातली बाई ती कोणाला दाखवत नाही, आणि मोलाचे महिने तेथेच हातचे जातात.