टेकडीवरचे फूटहिल कॉलेज

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे बारावीनंतरचे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. तेथे गुणवत्ता यादी लागत नाही. नोकरी सांभाळून शिकणारे, व्यवसायाचे प्रशिक्षण घेणारे आणि पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ इच्छिणारे, असे सारे विद्यार्थी तेथे एकत्र शिकतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय या परंपरेतील सर्वांत जुने मानले जाते. प्रारंभीची अशी अनेक महाविद्यालये माध्यमिक शाळांच्याच इमारतींत भरत. सर्वांसाठी खुल्या असलेल्या या शिक्षणालाही स्वतंत्र व प्रतिष्ठित वास्तू हवी, हा विचार ठळकपणे साकारला तो कॅलिफोर्नियातील फूटहिल कॉलेजच्या परिसरात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस, पुढे सिलिकॉन व्हॅली म्हणून प्रसिद्ध झालेल्या भागात, १९५७ मध्ये या महाविद्यालयाचा जिल्हा स्थापन झाला. पुढच्याच वर्षी माउंटन व्ह्यू येथील एका जुन्या शाळेच्या इमारतीत वर्ग सुरू झाले. नव्या वास्तूसाठी काढावयाच्या १ कोटी ४ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना स्थानिक मतदारांनी १९५८ मध्ये मंजुरी दिली. लॉस आल्टोस हिल्स येथील १२२ एकरांवरील परिसर १९६१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी खुला झाला. कॅल्व्हिन फ्लिंट हे महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष होते.

अर्नेस्ट कम्प आणि मास्टन अँड हर्ड हे या परिसराचे वास्तुविशारद, तर भूदृश्यरचना सासाकी, वॉकर या संस्थेची. जागा दोन टेकड्यांची होती. एका टेकडीवर वर्ग, ग्रंथालय व सभागृह आणि दुसरीवर क्रीडासंकुल अशी विभागणी करून दोन्ही टेकड्या पादचारी पुलाने जोडण्यात आल्या. येथील बहुतेक विद्यार्थी मोटारीने येणार, हे गृहीत धरून रस्ता आणि वाहनतळ पायथ्याशीच ठेवले गेले. त्यामुळे माथ्यावरचा सारा वावर पायीच होतो.

एकच भव्य इमारत उभारण्याऐवजी अनेक लहान, बैठ्या इमारती अंगणांभोवती मांडण्यात आल्या. रेडवूडच्या लाकडी भिंती, उतरती छपरे आणि ऊन-पाऊस अडवणाऱ्या रुंद वळचणी ही त्यांची ओळख होय. इमारतींमधील जागेत मातीचे सौम्य उंचवटे करून हिरवळ व झाडे लावली गेली. संस्थेचा दरारा वाटू नये, तरीही आपण विद्येच्या ठिकाणी आलो आहोत याची जाणीव व्हावी, असा हा समतोल आहे. अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने १९६२ मध्ये या रचनेचा सन्मान केला. याच वास्तुविशारदांनी आखलेले डी अँझा कॉलेज हे त्याच जिल्ह्यातील दुसरे महाविद्यालय १९६७ मध्ये क्युपर्टिनो येथे सुरू झाले.

फूटहिल उभे राहात असतानाच, १९६० च्या राज्य शिक्षण आराखड्याने कॅलिफोर्नियात उच्च शिक्षणाचे हे दार सर्वांसाठी खुले ठेवण्याचे धोरण निश्चित केले होते. राज्यातील रहिवाशांना तेव्हा शिक्षणशुल्क नव्हते. ते १९८४ पासून आकारले जाऊ लागले. प्रथमच प्रवेश घेणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे पहिल्या वर्षाचे शुल्क माफ करण्याची मुभा महाविद्यालयांना पुन्हा मिळाली, ती २०१७ च्या कायद्याने. शुल्काचे धोरण असे बदलत राहिले. सामान्य विद्यार्थ्यालाही उत्तम वास्तू मिळावी, हा मूळ आग्रह मात्र त्या टेकडीवर आजही दिसतो.