आयुर्वेदिक औषधे : लोकवापर आणि नियमन

आयुर्वेदाच्या ग्रंथांना धरून वनस्पती, खनिजे व प्राणिज द्रव्ये यांपासून तयार केलेल्या औषधांचे उत्पादन आणि विक्री यांवर भारतात मुख्यतः औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० या कायद्याचे नियंत्रण आहे. मूळ कायद्यात देशी औषधांसाठी तरतूद नव्हती. १९६४ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आले. उत्पादनाचा परवाना राज्य सरकार देते, तर धोरण केंद्रातील आयुष मंत्रालय (स्थापना २०१४) ठरवते.

वापर : जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात राष्ट्रीय नमुना पाहणीने प्रथमच केवळ आयुषपद्धतींसाठी देशव्यापी सर्वेक्षण केले. पंधरा वर्षांवरील लोकांपैकी ग्रामीण भागात सुमारे ९५ टक्के व नागरी भागात सुमारे ९६ टक्के लोकांना या पद्धती ठाऊक होत्या. मागील वर्षभरात त्यांचा प्रत्यक्ष वापर करणारे अनुक्रमे सुमारे ४६ व ५३ टक्के होते. या आकड्यांत योग व होमिओपॅथीही येतात, त्यामुळे ते निव्वळ आयुर्वेदाचे मानता येत नाहीत. शहरांतला वापर खेड्यांपेक्षा जास्त निघाला, ही त्यातली विशेष लक्षात घेण्याजोगी बाब.

महाराष्ट्रात हा वापर वैद्याकडून जितका येतो, तितकाच घरातून येतो. बाळंतिणीचा काढा आणि सहाणेवर उगाळलेली बाळगुटी (मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध, हिरडा) अजून टिकून आहेत. उगाळताना कशाचे किती वेढे घ्यायचे, हे घरातल्या जाणत्या बाईला माहीत असे. मात्रा तिच्या हाताच्या सवयीत होती. तयार बाटली आणि कॅप्सूल घरात आली, तेव्हा ही माहिती वेष्टनावर यायला हवी होती. कायद्याचे खरे काम इथून सुरू होते.

ग्रंथ हाच पुरावा : कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आधारग्रंथांची यादी आहे. त्यात चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, भैषज्यरत्नावली इत्यादी ग्रंथ येतात. त्यांतल्या पाठाप्रमाणे तंतोतंत केलेले औषध हे शास्त्रोक्त औषध होय. त्या ग्रंथांतलीच द्रव्ये घेऊन उत्पादकाने स्वतःच्या योगाने बनवलेले ते स्वामित्व औषध होय. शास्त्रोक्त औषधाच्या परवान्यासाठी नव्याने रुग्णचाचण्या कराव्या लागत नाहीत. स्वामित्व औषधांकडून काही पुरावा मागणारी व्यवस्था २०१० च्या नियम १५८-ब ने आणली. म्हणून परवाना क्रमांकावरून औषध कोणी आणि कोणत्या आधारावर बनवले, हे कळते. ते अमुक रोगावर निश्चित गुणकारी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ग्राहक मात्र बहुधा तोच अर्थ घेतो, आणि हा गैरसमज दूर करण्याची जबाबदारी आजवर कोणीही मनापासून घेतलेली नाही.

कारखान्याची स्वच्छता, कच्च्या मालाची ओळख व नोंदी यांचे निकष अनुसूची ‘टी’मध्ये २००० साली घालून दिले गेले. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनवून देणाऱ्या वैद्याला परवाना लागत नाही. विक्रीसाठीही परवान्याची अट नाही; त्यामुळे तेच चूर्ण काष्ठौषधींच्या दुकानात मिळते आणि किराणा दुकानातही. बचनाग, कुचला, धोतरा, भांग, गुंज, पारा, सोमल यांसारखी विषारी द्रव्ये अनुसूची ‘ई-१’मध्ये आहेत. ती पोटात घ्यायच्या औषधात असल्यास वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ती सूचना इंग्रजीत आणि हिंदीत असते.

एकच वनस्पती अन्न म्हणूनही विकली जाते. अन्नपूरक पदार्थांचे नियम २०१६ साली व ‘आयुर्वेद आहारा’चे नियम २०२२ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने केले. अश्वगंधेच्या डबीवर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक असेल तर ते अन्न. औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असेल तर ते औषध. दोन्ही डब्या एकाच फळीवर असतात.

सुरक्षितता : ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार’ ही समजूत आयुर्वेदाचीही नाही. चरकाने अजाणतेपणी दिलेल्या औषधाला विषासमान मानले आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निव्वळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. शिशाची मर्यादा दशलक्षात १० भाग, आर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ०.३ भाग अशी ठरली. ही सक्ती आधी परदेशी ग्राहकासाठी झाली, हे खेदाने नोंदवावे लागते.

करोनाच्या साथीत गुळवेल घरोघरी पोचली. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; पुढे १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. हा वाद कोणत्याही बाजूने सुटो, बाजारातून आणलेली वेल कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

इतर औषधांशी होणारी गाठ हा याहून रोजचा धोका आहे. ज्येष्ठमध दीर्घकाळ भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. इसबगोल एकाच वेळी घेतल्यास दुसऱ्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कारल्याचा रस घेतल्याने साखर जास्तच उतरू शकते. काढा हे औषधच नव्हे अशा समजुतीने रुग्ण त्याविषयी डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि पुष्कळ डॉक्टरही विचारत नाहीत.

जाहिराती : औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत ५४ रोग व अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, अगदी माणसाची उंचीही त्यात येते. त्यांवरील उपचाराची जाहिरात करता येत नाही. २०१८ साली नियम १७० ने आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला राज्याची पूर्वमंजुरी आवश्यक केली. २०२३ मध्ये मंत्रालयानेच राज्यांना या नियमाखाली कारवाई न करण्याचे कळवले आणि १ जुलै २०२४ रोजी तो वगळला. पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींवरून इंडियन मेडिकल असोसिएशनने दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये या वगळण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये याचिका निकाली निघाली व स्थगितीही उठली. १९५४ चा कायदा कायम आहे. पण तो जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर लागू होतो, तोवर ती हजारो घरांत पोचलेली असते.

इतर देश : कॅनडाने १ जानेवारी २००४ पासून ‘नैसर्गिक आरोग्य उत्पादने’ असा स्वतंत्र वर्ग केला असून मंजूर उत्पादनाला आठ अंकी क्रमांक मिळतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशी उत्पादने आहारपूरक ठरतात व विक्रीपूर्वी मंजुरी लागत नाही. युरोपीय संघात पारंपरिक वनौषधीच्या सोप्या नोंदणीसाठी ३० वर्षांचा वापर, त्यांपैकी साधारणपणे १५ वर्षे संघाच्या हद्दीत, दाखवावा लागतो. आयुर्वेदिक औषधांना ही दुसरी अट जड जाते.

दुष्परिणामांची नोंद : भारतात या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी औषधदक्षता यंत्रणा असून तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. वैद्याप्रमाणे रुग्णालाही तेथे तक्रार कळवता येते. त्यासाठी औषधाचे नाव, घटक आणि बॅच क्रमांक लागतो. सुटे चूर्ण कागदात बांधून घेणाऱ्याकडे यातले काहीच नसते.