‘सेंट्रल’ जेल आणि माहितीचा कायदा

भैरवगढ म्हटले की आपल्याला कालभैरव, सिद्धवट, छिपांचे छापील कापड आणि ‘सेंट्रल जेल’ आठवते. नाव सेंट्रल असले तरी हा तुरुंग राज्य सरकारचा. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

लोकांनी काय वाचावे, काय विचारावे याचा कायदा करताना सभागृहाने किती वेळ द्यावा, हा प्रश्न जुना आहे. १४ मार्च १८७८ रोजी लॉर्ड लिटनच्या कायदेमंडळाने देशी भाषांतील वृत्तपत्रांवरचा कायदा एकाच बैठकीत संमत केला. लोकांनी निवडलेला एकही सभासद तेथे नव्हता. मॅजिस्ट्रेटने मराठी किंवा बंगाली पत्राकडून जामीन मागावा, पुढे छापखानाही जप्त व्हावा, आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद नाही! इंग्रजी पत्रे मोकळी होती. म्हणून ‘अमृतबझार पत्रिका’ रातोरात इंग्रजी झाली. शिंदे सरकारचे आपले उज्जैन ब्रिटिश मुलखाबाहेर होते. पुणे मात्र आत. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तो हा कायदा डोक्यावर असतानाच. पुढे लॉर्ड रिपनच्या काळात तो रद्द झाला.

आता डिसेंबर २००४ कडे येऊ. माहिती अधिकाराचे विधेयक लोकसभेत आले तेव्हा ते केंद्र सरकारच्या कारभारापुरतेच होते. राज्य सरकारे, महापालिका, ग्रामपंचायती बाहेर; म्हणजे आपले ‘सेंट्रल’ जेलही बाहेरच. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे स्वतःचे कायदे होते, पण ते सगळ्याच राज्यांत नव्हते. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. चळवळीतल्या माणसांनी तेथे आपली बाजू मांडली आणि शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या. ११ आणि १२ मे २००५ रोजी दोन्ही सभागृहांनी ते संमत केले, तेव्हा ते पंचायतीच्या दप्तरापर्यंत पोचले होते. सभागृहांचे दिवस इथेही दोनच, हे खरे. पण त्याआधीचे महिने कामी आले होते. नुसते तास मोजून भागत नाही ते यासाठी.

२०१९ ची दुरुस्ती १९ जुलैला मांडली गेली आणि २५ जुलैला राज्यसभेतही संमत झाली. प्रवर समितीकडे पाठवण्याची सूचना ११७ विरुद्ध ७५ मतांनी पडली. माहिती आयुक्तांची पाच वर्षांची मुदत कायद्यातून निघाली. ती ठरवणे केंद्राच्या हाती गेले, आणि त्याच वर्षी नियमांनी तीन वर्षे केली. भोपाळच्या आयुक्तांनाही तेच लागू. माहिती आयोग निवडणूक आयोगासारखा घटनात्मक नाही, असे सरकारचे म्हणणे होते. ते ऐकण्याजोगे होते, आणि म्हणूनच समितीत तपासण्याजोगेही.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचे विधेयक ३ तारखेला मांडले गेले, ९ तारखेला दोन्ही सभागृहांतून बाहेर पडले. त्यातल्या एका कलमाने माहिती अधिकाराच्या कायद्यातील वैयक्तिक माहितीची तरतूद बदलली. भैरवगढच्या रस्त्याच्या ठेकेदाराचे नाव ‘वैयक्तिक’ धरायचे का? मांडल्यानंतर ते विधेयक कोणत्याही समितीकडे गेले नाही.