दातवण, मिश्री आणि फ्लोराइडची ट्यूब



गटाच्या बैठकीत एक प्रश्न आमच्याकडे फिरून फिरून येतो. झाडपाल्याची पेस्ट चांगली की फ्लोराइडची? टीव्हीवर एक जाहिरात सांगते, लवंग-कडुनिंब वापरा. दुसरी सांगते, डॉक्टर हीच पेस्ट घ्यायला सांगतात. घरात बघावं तर आजीचं दातवण, सासूबाईंची मिश्रीची डबी आणि नातवाची गोड ट्यूब एकाच फळीवर. म्हणून आज या वस्तूंचा इतिहास सांगतो. कोणती वस्तू कुठून आली आणि दाताची कीड थांबवायचं काम तिच्याकडून होतं का, ते पाहू या.

आधी कीड म्हणजे काय ते समजून घेऊ. दातात आळी नसते. दातावर एक चिकट थर बसतो, त्यात जंतू राहतात. आपण गोड खाल्लं की ते जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कवचातली खनिजं हळूहळू ओढून काढतं आणि तिथं खड्डा पडतो. म्हणजे कीड थांबवायची तर तीन वाटा आहेत. साखर कमी करणं, थर घासून काढणं आणि कवच मजबूत करणं. आता प्रत्येक वस्तू यातलं काय करते, ते बघत जाऊ.

सगळ्यात जुनं दातवण. चरकसंहितेत दातवणाबद्दल सांगितलं आहे की काडीचं टोक चावून मऊ करावं, दिवसातून दोनदा वापरावं आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. करंज, रुई, अर्जुन अशी झाडं तिथं सांगितली आहेत. तुरट, तिखट, कडू चवीची काडी घ्यावी असं म्हटलं आहे. आपल्याकडे बाभूळ आणि कडुनिंब चालत आले. काडी नीट चावून सगळ्या दातांवर फिरवली तर थर निघतो, हिरड्यांनाही बरं वाटतं. त्या काळी खेड्यात रोज बिस्कीट नव्हतं, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा नव्हता. गोडधोड सणावारी व्हायचं. आजीचे दात टिकले त्याचं श्रेय दातवणाला देताना तिच्या ताटालाही द्यायला हवं.

दातवणाबरोबर राखुंडी होती. गोवरीची राख, कोळसा, मीठ. याने दात पांढरे दिसतात, पण भरड राख रोज घासली तर कवचच झिजतं. पुढे डब्यातली दंतमंजनं आली. माकडछाप काळी पावडर कितीतरी घरांत होती.

आणि मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. कीड लागलेल्या दाताचा ठणका तेवढ्यापुरता बधिर होतो, म्हणून बायांना वाटतं की हे औषध आहे. प्रत्यक्षात दात आतून किडतच राहतो आणि तंबाखूची सवय लागते. सकाळी एकदा लावणारी बाई पुढे दिवसातून चार-पाचदा डबी उघडते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो आणि गरोदरपणी मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. त्या बंदीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कायदा कारखान्यापर्यंत पोचला, आपल्या चुलीवरच्या तव्यापर्यंत पोचला नाही. ‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय अपाय होणार’ असं कुणी म्हणालं की एवढं आठवा, तंबाखूसुद्धा झाडाचंच पान आहे.

आता ट्यूबकडे येऊ. स्वदेशीच्या वाऱ्यात १९१६ साली कलकत्ता केमिकल ही कंपनी निघाली. तिने कडुनिंबाचा साबण काढला आणि कडुनिंबाची टूथपेस्टही. परदेशी कोलगेट कंपनीने १९३७ साली आपल्या देशात बस्तान बसवलं. मुंबईत १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी व्हिको कंपनी सुरू केली, तिची वज्रदंती पावडर आणि पुढे पेस्ट घरोघरी गेली. या वज्रदंतीवरून सरकारी अबकारी खात्याशी बरीच वर्षं वाद चालला. खातं म्हणे हे प्रसाधन आहे, कंपनी म्हणे हे आयुर्वेदिक औषध आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पण तो वाद कर किती लावायचा याचा होता. कीड किती थांबते, हा प्रश्न तिथं नव्हताच.

फ्लोराइडची गोष्ट मात्र अमेरिकेत सुरू होते, आणि तीही डागाळलेल्या दातांपासून. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी गेला. तिथल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. त्याला आणखी एक नवल दिसलं. डाग पडलेले हे दात सहसा किडत नव्हते.

कारण कळायला तीस वर्षं लागली. १९२३ साली मॅके आयडाहो राज्यातल्या ओकली गावी गेला. तिथल्या आईबापांनी त्याला सांगितलं की लांबच्या गरम झऱ्याचं पाणी नळाने गावात आणलं, त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले. मॅकेच्या सल्ल्याने गावाने तो नळ सोडून दुसरं पाणी घेतलं. काही वर्षांनी ज्या लहान मुलांचे पक्के दात आले, ते स्वच्छ होते. पाण्यात काय आहे हे त्याला अजून ठाऊक नव्हतं, पण दोष पाण्याचा हे आईबापांनी बरोबर ओळखलं होतं. शेवटी १९३१ साली ॲल्युमिनियम कंपनीतले रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी बॉक्साइट नावाच्या गावचं पाणी तपासलं आणि फ्लोराइड सापडलं.

मग ट्रेंडली डीन या सरकारी दंतवैद्याने गावोगावचं पाणी आणि तिथल्या मुलांचे दात ताडून पाहिले. एका लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दात फारसे डागाळत नाहीत आणि किडतातही कमी. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराने तेवढं फ्लोराइड पाण्यात मिसळायला सुरुवात केली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये कीड ६० टक्क्यांहून अधिक घटली. पुढे ते पेस्टमध्येही आलं. १९६० साली अमेरिकेच्या दंतवैद्य संघटनेने अशा एका पेस्टला कीड रोखण्यासाठी मान्यता दिली.

आपल्या देशात मात्र फ्लोराइडची ओळख उलट्या बाजूने झाली. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, नेल्लोर भागात, विहिरीच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने माणसांची हाडं ताठरलेली, वाकलेली आढळली. आपल्या महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एकच वस्तू, बेताची असेल तर दात राखते, जास्त झाली तर हाडं मोडते. मीठ भाजीत किती घालायचं हे जाणणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

मग कोणती पेस्ट घ्यावी? २००३ साली ७० चाचण्यांचे, ४२,३०० मुलांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. फ्लोराइडच्या पेस्टने कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी झाली होती. दिवसातून दोनदा आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली घासणाऱ्यांना फायदा आणखी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइड पेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. वनौषधींच्या पेस्टच्याही चाचण्या झाल्या आहेत. दातावरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी करण्यात त्यांपैकी काही साध्या पेस्टच्या बरोबरीने उतरल्या. पण त्या चाचण्या बहुतेक काही आठवड्यांच्या, काही महिन्यांच्या. कीड थांबते का हे पाहायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि त्या कसोटीवर फ्लोराइडइतका भक्कम आधार वनौषधींना नाही. म्हणून घरात मुलं असतील, गोड खाणं होत असेल, तर आम्ही फ्लोराइडची पेस्ट घ्या असंच सांगू. दातवणाची सवय असेल तर सकाळी दातवण करा आणि रात्री झोपताना या पेस्टने घासा.

काही वनौषधी पेस्टमध्ये फ्लोराइडही असतं. वेष्टनावर ‘सोडियम फ्लोराइड’ किंवा ‘सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट’ लिहिलंय का ते पाहा. अक्षरं बारीक आणि इंग्रजी असतात, शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. आपल्याकडे पेस्टमध्ये किलोला जास्तीत जास्त १ ग्रॅम फ्लोराइड चालतं. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. पेस्ट गिळू द्यायची नाही, थुंकायला शिकवायचं.

आणि मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरट किंवा तपकिरी पट्टे दिसत असतील, तर आधी पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, तपासणीची पेटी कुठे आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारा. पेटी कपाटात पडून असेल तर बाहेर काढायला लावा, आणि आलेला आकडा गटाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.