संगणक प्रणालींची नक्कल आणि मराठी अक्षरे

संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचाला आज्ञावली किंवा रूढ भाषेत सॉफ्टवेअर म्हणतात, आणि हक्कधारकाच्या परवानगीवाचून तिची प्रत काढणे, वापरणे किंवा विकणे याला पायरसी हा शब्द मराठीतही रुळला आहे. चोरटे पुस्तक काढायचे तर कागद, शाई, यंत्र आणि बांधणी यांचा खर्च करावा लागतो; आज्ञावलीची प्रत मात्र क्षणात, मुळाबरहुकूम आणि जवळजवळ फुकट निघते, शिवाय ज्याच्याकडून ती घेतली त्याच्या पदरचे काही कमी होत नाही. या चोरीला चोरी म्हणावे की नाही, आणि म्हटल्यास तिचे नुकसान कोणी सोसले, हा वाद या व्यवसायाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण यंत्र घेणाऱ्याला आज्ञावली यंत्राबरोबरच मिळत असे. आयबीएम कंपनीने १९६९ साली या दोहोंची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले आणि आज्ञावली ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू झाली. पुढे १९७५ साली अल्टेअर ८८०० हा हौशी लोकांनी घरी जुळवायचा संगणक बाजारात आला, तेव्हा बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी त्यासाठी बेसिक या भाषेची आज्ञावली तयार केली. ती कागदी फितीवर भोके पाडून साठवलेली असे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनातून अशी एक फीत नाहीशी झाली आणि तिच्या प्रती हौशी मंडळींत हातोहात पसरल्या. गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी लिहिलेल्या खुल्या पत्रात तक्रार केली, की या कामी चाळीस हजार डॉलरांहून अधिक किमतीचा संगणक-वेळ खर्ची पडला असताना अल्टेअरधारकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली. बौद्धिक श्रमाचे मोल मागणारे हे पत्र आजही वाचण्याजोगे आहे, कारण त्या वेळी ते एका लहान, नवख्या उद्योगाने लिहिले होते.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला १९८४ साली दुरुस्ती करून संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीच्या व्याख्येत स्थान देण्यात आले, म्हणजे कादंबरी आणि आज्ञावली कायद्याच्या दृष्टीने एका पंक्तीत बसल्या. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून अमलात आली आणि तिने ६३-ब हे कलम घातले, ज्यानुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. मात्र वापर नफ्यासाठी किंवा व्यापारासाठी नसेल, तर कारणे नोंदवून कैद टाळण्याची मुभा याच कलमाने न्यायालयाला दिली. घरातला विद्यार्थी आणि दुकानातला धंदेवाईक यांत कायद्याने केलेला हा भेद न्याय्य आहे आणि तो पुढील विवेचनात लक्षात ठेवला पाहिजे.

प्रत्यक्ष बाजाराने कायद्याची फारशी फिकीर केली नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे अधिकृत नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग जुळवून संगणक तयार करून मिळत, आणि अशा संगणकावर गेट्स यांच्याच कंपनीच्या विंडोज व ऑफिस या आज्ञावली ‘टाकून देणे’ हे विक्रेत्याचे सौजन्य मानले जाई. गिऱ्हाईक यंत्राच्या भागांची घासाघीस करी. आज्ञावलीचे वेगळे पैसे पडतात ही कल्पनाच त्याच्यापर्यंत पोचत नसे.

कंपन्यांच्या संघटनेने, बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सने, काढलेल्या आकड्यांनुसार भारतातील बेपरवाना आज्ञावलींचे प्रमाण २०११ साली ६३ टक्के आणि २०१७ साली ५६ टक्के होते. हे प्रमाण मोठेच आहे, पण त्याला बाजारभावाने गुणून निघणारी रक्कम म्हणजे बुडालेले उत्पन्न मानता येत नाही, कारण फुकट प्रत घेणाऱ्या प्रत्येकाने पैसे मोजून ती घेतली असती हे गृहीतच टिकत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही २०१० साली असा निष्कर्ष काढला, की नकली मालामुळे होणाऱ्या नुकसानीच्या बहुचर्चित सरकारी आकड्यांचा मूळ आधार सापडत नाही. खुद्द गेट्स यांनी १९९८ साली चीनविषयी बोलताना, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आपलीच आज्ञावली चोरावी, म्हणजे सवय लागल्यावर पुढे वसुली करता येईल, अशा आशयाचे विधान केले होते. १९७६ च्या पत्रलेखकाची भूमिका बदलली, कारण त्याच्या उद्योगाचा आकार बदलला होता: बलाढ्य कंपनीला नक्कल ही पुढच्या ग्राहकाची पेरणी ठरू शकते, लहान उत्पादकाला मात्र ती बुडवते.

मराठी लिपीच्या संगणकीय इतिहासात या दुसऱ्या बाजूचे दर्शन घडते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट विभागाची साधने यांनी मराठी अक्षरजुळणी संगणकावर आणली. देवनागरीचा एक अक्षरसंच, म्हणजे फॉन्ट, तयार करायचा तर मूळ अक्षरांबरोबर अर्धी अक्षरे, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे असे शेकडो आकार एकेक करून रेखावे लागतात, आणि त्या श्रमाचे गिऱ्हाईक इंग्रजीच्या तुलनेत मूठभर असते. म्हणून या प्रणालींसोबत डोंगल दिला जाई: बोटभर लांबीची ही डबी संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची केबल जिथे लागते तिथे खोचायची, आणि ती नसेल तर प्रणाली चालत नसे.

कुलूप होते, पण अक्षरसंचाची फाइल उचलून नेण्याजोगी होती, आणि कामाची पद्धतच ती उचलायला लावी. युनिकोड हे अक्षरांचे जागतिक मानक रुळण्यापूर्वी प्रत्येक उत्पादक इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या क्रमाने देवनागरीचे तुकडे बसवत असे. परिणामी एका अक्षरसंचात जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की ओळीच्या ओळी रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांच्या अर्थहीन रांगा होऊन दिसत. लेखकाकडून प्रकाशकाकडे, तिथून संगणकावर पाने जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याकडे आणि छापखान्याकडे मजकूर जायचा, तर ‘फाइलबरोबर फॉन्टही पाठवा’ हा निरोप ठरलेला असे. अशा नकलेचे मूळ लोभापेक्षा समान मानकाच्या अभावात होते हे मान्य करावे लागते, परंतु वर्षानुवर्षे त्याच अक्षरांत पत्रिका, पुस्तके आणि फलक छापून त्यांवर पैसे मिळवणाऱ्यांना हा बचाव पुरत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण सामान्य वापरात ती आली विंडोज २००० बरोबर मिळालेल्या, मुंबईचे अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखलेल्या मंगल या अक्षरसंचामुळे. बेपरवाना विंडोजबरोबरही मंगल घराघरांत गेला, आणि नकलेने मराठीचा असा प्रसार झाला हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यानंतर लोहित आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त यांसारखे खुल्या परवान्याचे अक्षरसंच आले, जे उतरवून घेणे, वाटणे आणि छापील कामात वापरणे पूर्णपणे कायदेशीर आहे.

म्हणून पायरसी गंभीर आहे काय, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. जगभर पाय रोवलेल्या कंपन्यांचे नुकसान फुगवून सांगितले गेले. मराठीसारख्या भाषेची साधने घडवणाऱ्यांचे नुकसान कोणी मोजलेच नाही, आणि खरे गांभीर्य त्याच नुकसानीत आहे. मराठी प्रकाशकांनी पुस्तकाच्या अंदाजपत्रकात कागद, छपाई आणि बांधणी यांच्या रकमांशेजारी अक्षरसंचाच्या परवान्याची रक्कमही मांडावी, आणि श्रेयपृष्ठावर अक्षरकाराचे नाव छापावे.